जुनी मोटार आणि कामगाराचा पैसा

(म्हैसूर येथे रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय वाचून पुष्कळांना हसू आले, हे आम्हाला माहीत आहे. 'जुनी मोटारगाडी कशी घ्यावी व कशी सांभाळावी' हा काय युनियनचा विषय झाला? वेतन, बढती, पेन्शन, क्वार्टर, ठेकेदारी हे सगळे सोडून सेक्रेटरी गाड्यांची दलाली कधीपासून करू लागले, असे एका सभासदाने आम्हाला दारातच विचारले. त्यांना आम्ही म्हटले, आत बसा, ऐका आणि मग बोला.

मित्रहो, कामगाराला त्याचा पगार मिळवून देणे हे जसे युनियनचे काम आहे, तसे मिळालेला पगार अज्ञानापायी बुडू नये हे पाहणे हेही युनियनचेच काम आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत कर्जात अडकलेले जे सभासद आमच्याकडे आले, त्यांच्या कागदांत लग्न आणि आजारपण यांच्या खालोखाल गाडीच दिसते. नवी गाडी नव्हे, जुनी. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली आणि मग महागात पडलेली.

गाडी ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. एके काळी आम्हीही तसेच म्हणत होतो. पण रात्री दोन वाजता ड्यूटीवर हजर व्हायचे असते, तेव्हा ना बस असते ना रिक्षा. क्वार्टर सोडून रिंग रोडच्या पलीकडे स्वतःचे घर बांधलेल्याला म्हातारी आई पहाटे दवाखान्यात न्यायची असते. स्कूटरवर पुढे पोर, मागे बायको आणि मध्ये पिशवी, अशी कसरत आपण सर्वांनी केली आहे. पावसात ती कसरत जिवावर येते. तेव्हा कामगाराने गाडी घेऊ नये, असे आम्ही सांगणार नाही. घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून.

पूर्वी सरकारी नोकराला मोटारीसाठी अग्रिम रक्कम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली ती सोय बंद झाली. आता उरली बँक, आपली पतपेढी आणि खासगी फायनान्स. नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीच्या कर्जावर व्याज बहुधा जास्तच लावतात. म्हणजे चूक झाली तर तिची किंमत दर महिन्याला पगारातून कापली जाते.

आधी हिशोब

आपल्या म्हैसूरला हत्तींचे कौतुक फार. पण हत्ती घेणारा आधी उसाची सोय बघतो. गाडीचे तसेच आहे. घेणे सोपे, पोसणे अवघड.

आमचा पहिला नियम असा : जवळ जेवढे पैसे असतील, त्याच्या दोन तृतीयांशात गाडी घ्यावी आणि एक तृतीयांश हातात राखावे. समजा, तुमच्याजवळ १,८०,००० रुपये आहेत. तर गाडीची किंमत १,२०,००० च्या वर जाऊ देऊ नका. उरलेले ६०,००० शिल्लक नाहीत. नावबदल, इन्शुरन्स, चार टायर, बॅटरी, ब्रेक, ऑइल, बेल्ट यांसाठी ते लागणारच आहेत. कारण जो माणूस गाडी विकायला निघालेला असतो, तो शेवटच्या सहा महिन्यांत तिच्यावर एक पैसाही घालत नाही. त्याचा टाळलेला खर्च तुमच्या पदरात पडतो.

दुसरा हिशोब दरमहाचा. महिन्याला ५०० किलोमीटर चाललात आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर गेली, तर ३३ लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभराच्या आसपास धरला तरी ३,३०० रुपये झाले. इन्शुरन्सचे वर्षाचे ७,२०० धरले, तर महिन्याला ६००. दुरुस्तीसाठी दरमहा १,५०० वेगळे काढलेच पाहिजेत, गाडी बिघडो वा न बिघडो. एकूण ५,४०० रुपये. कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही. हा आकडा बायकोसमोर बसून कागदावर मांडा. जमत असेल तर पुढे जा. महिन्यातून दोनदाच गाडी लागत असेल, तर भाड्याने घेतलेली बरी. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरली पाहिजे. दलाल मात्र जुनेच भाव सांगत राहतो. म्हणून जुनी गाडी बघायला जाण्यापूर्वी त्याच जातीच्या नव्या गाडीचा आजचा भाव विचारून घ्या.

कोणती गाडी?

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. म्हैसूरचे माजी दिवाण सर विश्वेश्वरय्या यांचे स्वप्न होते, की या देशात, शक्य तर या संस्थानात, मोटारींचा कारखाना निघावा. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद त्यासाठी झटत होते. इंग्रज सरकारची साथ मिळाली नाही आणि म्हैसूर संस्थानातला मोटार कारखाना झाला नाही. त्याऐवजी १९४० साली म्हैसूर सरकारच्या मदतीने वालचंदांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. मोटारीसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि कारखाना गेला मुंबईत कुर्ल्याला. तिथून पुढे इटलीच्या फियाटच्या परवान्यावरची गाडी निघाली. तीच आपली पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी.

कारखान्यातून पद्मिनी निघणे २००० सालाच्या सुमारास थांबले. पण टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत भरल्यावर ती निवृत्त झाली. कारखाना थांबल्यावर वीस वर्षे गाडी चालली ती कशावर? ती काही फार उत्तम यंत्र होती म्हणून नव्हे. तिचा प्रत्येक भाग बाजारात मिळत होता आणि तिला हात लावू शकणारा मेस्त्री गल्लोगल्ली होता, म्हणून.

यातून आपला दुसरा नियम निघतो. गाडी निवडताना आधी तिचा मेस्त्री आणि तिचे स्पेअर पार्ट शोधा, गाडी नंतर. ज्या गाडीचा आरसा किंवा क्लच प्लेट बंगळूरहून मागवावी लागते, ती कितीही ऐटदार असली तरी कामगाराच्या कामाची नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बंद झाली. तीस वर्षे एकच साधे तीन सिलिंडरचे इंजिन. हजारो पोरे त्यावर मेस्त्रीकाम शिकली. आज ८०० घेऊ नका, ती आता फार जुनी झाली. पण तिच्या वंशातल्या आणि तिच्यासारख्या साध्या, खूप खपलेल्या, पेट्रोलवरच्या लहान गाड्या पाहा. पाच ते नऊ वर्षांची, एका हातात वापरलेली, साधी गाडी. मोठी पण जुनी आलिशान गाडी लहान गाडीच्या भावात मिळते, तिच्या मोहात पडू नका. तिची किंमत उतरलेली असते, तिच्या पार्टची नव्हे.

डिझेलबद्दल विचारणारे असतात. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. घर ते स्टेशन अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा. रोज लांबचे अंतर असेल तरच डिझेल.

तपासणी

आता तपासणी. हे काम आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्याला आपण टीएक्सआर म्हणत आलो, तो माणूस गाडी प्लॅटफॉर्मवर शिरतानाच तिच्या चाकांचा आवाज ऐकतो, अॅक्सल बॉक्सला हात लावून तापला का बघतो. सीटच्या कापडाला भुलत नाही. पण हाच आपला सी अँड डब्ल्यूचा हुशार फिटर स्वतःची गाडी घ्यायला गेला, की टेपरेकॉर्डर वाजवून बघतो आणि रंगावर खूश होतो! साहेब बना, गिऱ्हाईक बनू नका.

पहिले : गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना पाहा. ओल्या पत्र्यावर डाग-पोचे दिसत नाहीत. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, रंगाची छटा एका दारावर निराळी आहे का, हे बघा. डिकीतली चटई उचला, स्टेपनीखालचा पत्रा बघा. सीटच्या पट्ट्या जिथे जमिनीला बसतात तिथे गंज आणि आत कुबट वास असेल, तर ती गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. नमस्कार करून परत या.

दुसरे : जाताच बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कोणी तरी आधीच इंजिन चालवून ठेवले आहे. थंडीत ते सुरू होत नसावे, हे लपवायचे आहे. चहा प्या, थंड होऊ द्या, मग स्वतः चावी फिरवा. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते. काळा आला तर पेट्रोल जास्त जळते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबला नाही, तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. ऑइलचे झाकण उघडा, आत ताकासारखा पांढुरका थर दिसला, तर सौदा संपला.

तिसरे : किलोमीटरचा आकडा खरा मानू नका. आकडा ३५,००० सांगतो आणि ब्रेकच्या पेडलचे रबर घासून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग चकाकलेले, ड्रायव्हरची सीट खचलेली. मग कोण खोटे बोलते? रबर खोटे बोलत नाही. सर्व्हिसचे जुने कागद मागा.

चौथे : टायर. टायरच्या अंगावर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुना रबर कडक होतो, त्याला भेगा पडतात. आपल्या म्हैसूर-बंगळूर हमरस्त्याचे उद्घाटन १२ मार्च २०२३ रोजी झाले. तिथे मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. उन्हातल्या त्या काँक्रीट-डांबरावर म्हाताऱ्या टायरने जाणे म्हणजे तडा गेलेल्या रुळावर गाडी सोडणे.

पाचवे : चामुंडी टेकडी. देवीने आपल्याला ही फुकटची परीक्षा दिली आहे. चार माणसे बसवून गाडी टेकडीवर घ्या. मध्ये चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, परत निघा. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी सरकत नाही, म्हणजे क्लच गेला. वर पोहोचेपर्यंत तापमानाचा काटा चढता कामा नये. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या आणि मोकळा रस्ता बघून ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल खाली जाते का, हे बघा. सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून देणारा दलाल टेकडीचे नाव काढताच घड्याळ बघू लागला, तर समजून जा.

यानंतर मेस्त्री. तो तुमचा असावा, विकणाऱ्याचा नव्हे. त्याला त्याची मजुरी रोख द्या. इथे दलालाचे आवडते वाक्य ऐकू येईल, "स्वल्प अडजस्ट माडी, सार." भाषा गोड आहे, माणसेही गोड आहेत. पण ब्रेकमध्ये आणि कागदात अडजस्ट करायचे नसते.

कागद

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज मुद्दाम उभे राहिलो, त्या गोष्टीकडे येतो.

आपल्यातलेच एक सहकारी. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो, नाव मात्र घेत नाही. त्यांनी २०१३ साली आपली जुनी गाडी ओळखीच्या एका माणसाला विकली. पैसे रोख मिळाले. आरसी बुक आणि चावी दिली. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 'आजपासून या गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' असे लिहून घेतले. फॉर्मवर सही करून दिली, आरटीओत तो नंतर जाईल म्हणाला. तो गेला नाही. गाडी त्याने तिसऱ्याला दिली. इन्शुरन्स संपला, कोणी भरला नाही. २०१६ साली त्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवले. चालवणारा पळाला. दाव्याची नोटीस आली ती आमच्या सहकाऱ्याच्या घरी, कारण आरटीओच्या दप्तरी गाडी त्यांच्याच नावावर होती.

ते स्टॅम्पपेपर घेऊन वकिलाकडे गेले. वकिलाने कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. गाडी विकली असली तरी नोंदणी बदललेली नसेल, तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाची. शेवटी तडजोड झाली आणि आमच्या सहकाऱ्याने २,४०,००० रुपये भरले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते ते.

आता यातल्या दोन गोष्टी ऐका. ज्याला गाडीने उडवले तो गवंडीकाम करणारा होता. त्याचा पाय कायमचा अधू झाला. तोही कामगारच. त्याला भरपाई मिळाली, ती मिळायलाच हवी होती. तेव्हा अन्याय झाला असे ओरडायची सोय आम्हाला नाही. आणि दुसरी गोष्ट. त्या स्टॅम्पपेपरवर साक्षीदार म्हणून सही आहे ती आमची. आम्ही सेक्रेटरी, चार नियम वाचलेले, दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारे. "काही होत नाही, करा सही," असे त्या दिवशी आम्हीच म्हणालो होतो. ते वाक्य आजही आम्हाला झोपू देत नाही. म्हणून हा विषय आज कार्यक्रमपत्रिकेवर आहे.

तेव्हा नीट लिहून घ्या.

गाडी विकणाऱ्याने, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचे. परराज्यातला असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावबदलाचा अर्ज करायचा. विक्रीची सूचना फॉर्म २९, नावबदलाचा अर्ज फॉर्म ३०. कर्जाची गाडी असेल आणि कर्ज फिटले असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र लावून आरसीवरचा बोजा आधी उतरवायचा. बोजा असलेली गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज अंगावर घेणे.

कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायची नाही. विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्यानेही नाही. चावी आणि शेवटची रक्कम यांची अदलाबदल अर्ज दाखल झाल्याशिवाय करू नका. काही दिवसांनी परिवहनच्या अॅपवर गाडीचा नंबर घालून नाव बदलले का, हे विकणाऱ्यानेही पाहायचे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत. अशा व्यापाऱ्याला गाडी दिली आणि त्याची सूचना पोर्टलवर गेली, की पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. व्यापाऱ्याला विकत असाल, तर त्याच्याकडे हे अधिकारपत्र आहे का, ते आधी विचारा.

इन्शुरन्सही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो जुन्या मालकाचा, त्याच्याजवळच राहतो. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. थकलेले दंड किती, तेही पाहा.

आपल्यातले बरेच जण बेळगाव, खानापूर, मिरज, कोल्हापूर भागातले. गावाकडे भावाच्या ओळखीने एमएच-०९ ची गाडी स्वस्तात मिळते आणि इथे आणली जाते. बेळगावची केए-२२ असेल तर प्रश्न सोपा, राज्य एकच. एमएच असेल तर फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे केए-०९ किंवा केए-५५ चा नंबर घेताना कर्नाटकाचा जीवनकर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. तो कर थोडाथोडका नसतो. दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांचेही तेच. तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून त्या खाली पाठवल्या जातात. कर आणि नंबरबदल धरून किंमत काढा. मग स्वस्ताई किती उरते, ते दिसेल.

आणि रेल्वे कर्मचारी म्हणून एक विशेष सूचना. १९६६ च्या आचारनियमांतला १८ वा नियम विसरू नका. दोन महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त किमतीची जंगम मालमत्ता घेतली किंवा विकली, तर एका महिन्यात प्रशासनाला कळवायचे असते. ज्याच्याशी आपला कार्यालयीन संबंध येतो, अशा ठेकेदाराशी व्यवहार असेल तर आधी परवानगी. एक साधा अर्ज दिला नाही म्हणून चार्जशीट आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. अर्जाचा नमुना युनियन ऑफिसात ठेवला आहे.

सांभाळणे

आता घेतलेली गाडी टिकवायची कशी? याचे उत्तर आपण रोज जगतो. आपल्या अशोकपुरमच्या वर्कशॉपात डबे पीओएचला येतात. आयसीएफचा डबा दर १८ महिन्यांनी वर्कशॉपात यायचा आणि त्याचे आयुष्य २५ वर्षांचे धरलेले. २५ वर्षे तो लाखो माणसे वाहतो, कारण तो बिघडायची वाट कोणी पाहत नाही. मुदत आली की उघडायचा. गाडी बिघडल्यावर दुरुस्त करणे आणि मुदतीवर सांभाळणे यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. घरच्या गाडीपाशी मात्र आपण तो विसरतो.

आमचे वेळापत्रक सोपे आहे. वर्षात दोन दिवस ठरवले आहेत, गुढीपाडवा आणि आयुधपूजा. दोघांत सहा महिन्यांचे अंतर आहे आणि विसरण्याची भीती नाही. या दोन दिवसांच्या आधी गाडी मेस्त्रीकडे गेली पाहिजे. आयुधपूजेला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. देवी प्रसन्न होईलच, पण आत ऑइल काळे पडलेले ठेवून हार घालू नये.

इंजिन ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीवर, आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा ओढते, ते दोन वर्षांनी बदला. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी नको, कूलंटच घाला. टायमिंग बेल्ट असलेली गाडी असेल तर बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, ते पुस्तकात बघा आणि त्याच्या आधी बदला. बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर काही इंजिने आतून मोडतात. हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना. जुनी गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासून घ्या. कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते आणि त्याला टिकणारे रबर एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत घातले जाते, आधीच्या गाड्यांत असेलच असे नाही.

आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केले, किती लागले. आमची गाडी आम्ही २०१७ साली घेतली, तेव्हा सहा वर्षांची होती. वही आजही डॅशबोर्डच्या खणात आहे. सर्वांत मोठा खर्च कधी आला, तर जेव्हा आम्ही संपाच्या गडबडीत एक सर्व्हिस चुकवली, तेव्हा. हे आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे.

गाडी सोडायची कधी, हेही ठरलेले असावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासून नवी करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. म्हणून १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त दिसली, तरी पुढे काय वाढून ठेवले आहे ते मोजा. आणि गाडी मोडीत काढायची तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या, दाखला घ्या, नोंदणी रद्द करून घ्या. भंगारवाल्याच्या गाड्यावर गेलेली गाडीसुद्धा कागदावर तुमचीच असते.

शेवटी

मित्रहो, एकटा कामगार बाजारात उभा राहिला की त्याला दलाल भेटतो. चारजण मिळून गेले की दलाल सभ्य होतो. हे आपण वेतनाच्या बाबतीत शिकलो, तेच इथे लागू करायचे. आपल्यात फिटर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, पत्र्याचा सांधा नजरेने ओळखणारे वेल्डर आहेत आणि कागदाचा एकही कोपरा न सोडणारे कारकून आहेत. या चौघांनी रविवारी, आपल्या सुट्टीच्या वेळात, सभासदाबरोबर गाडी बघायला जायचे. चहा सभासदाचा, बाकी एक पैसा घ्यायचा नाही. रेल्वेचे हत्यार नाही, रेल्वेच्या आवारात काम नाही, रेल्वेचा एक वॉशरही नाही. हे पथक आजपासून सुरू करावे, असा आमचा प्रस्ताव आहे. फिटर आणि वेल्डर यांची नावे आली आहेत. कागद तपासायला आम्ही स्वतः येऊ. ज्या सहकाऱ्याची गोष्ट सांगितली, ते शेवटच्या रांगेत बसले आहेत. पथकात चौथे नाव त्यांनी स्वतःहून दिले आहे. आमच्या शेजारी उभे राहायला त्यांना संकोच वाटला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आणि यापुढे आम्ही स्टॅम्पपेपरवर साक्षीदाराची सही करणार नाही. कोणाला गाडी विकायची असेल, तर त्याला हाताला धरून आरटीओच्या खिडकीपर्यंत नेऊ आणि पावती हातात पडेपर्यंत तिथेच उभे राहू.

ज्यांना नावे द्यायची आहेत, त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर द्यावीत.